जूनमधली छाटणी

"काकू, काका कुठं आहेत, ठाऊक आहे का?"

रेजीसने ट्रॅक्टर बंदसुद्धा केला नव्हता. फाटकातूनच ओरडला. युगेत अंगणात वाटाणे सोलत बसली होती.

"परसात असेल. कोंबड्यांपाशी."

"परसात नाहीत. वरच्या तुकड्यात आहेत. चला माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता!"

त्याचा चेहरा पाहून ती उठली. टोपली तशीच ठेवली आणि घरातल्या चपलांवरच चढ चढायला लागली. शिरुब्ल गावच्या उतारावर तरणीताठी माणसंही दोनदा थांबतात. युगेत चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण त्या दिवशी ती एकदाही थांबली नाही.

तिचा नवरा एमे एका द्राक्षवेलाशी गुडघा टेकून बसला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. हातातली छाटणीची कात्री एका लयीत चालत होती. चार ओळी पुऱ्या झाल्या होत्या, दोनशेच्या वर वेल. प्रत्येक वेलाचे बुटके हात मोकळे केलेले, प्रत्येक हातावर दोन डोळ्यांची, म्हणजे दोन कोंबांपुरती, एकच काडी राखलेली. काम असं होतं की नवशिक्यांना बोलावून दाखवावं. फक्त ते जानेवारीतलं काम होतं. ओळींमधून हिरव्या फांद्यांचा खच पडला होता आणि त्यांवर मिऱ्यांएवढे मणी धरलेले घड उन्हात मलूल होत होते.

"काका! काय करून ठेवलंत हे?"

एमेने वर पाहिलं. तो खूश दिसला. "आलास? आज उशीर केलास. तुझ्या बापाला सांग, संत व्हँसाँच्या सणाआधी हा तुकडा हातावेगळा करतो."

तो सण जानेवारीत येतो; आणि रेजीसच्या बापाला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"जून आहे काका, जून! मणी धरलेत!" रेजीसने ओंजळभर घड उचलून त्याच्यापुढे धरले.

एमेने त्या ओंजळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "तरीच म्हटलं, एवढा घाम का येतोय."

रेजीसने ते घड जमिनीवर आपटले. "गेल्या वर्षी गारांनी नेलं, यंदा यांनी! बांधून ठेवा त्यांना काकू. बिथरलेल्या बैलाला बांधतात तसं बांधून ठेवा!"

तो तरातरा खाली निघून गेला. युगेतने एमेच्या हातातून कात्री घेतली. घेतली म्हणजे एकेक बोट सोडवावं लागलं.

हा तुकडा त्यांचाच होता. एमेचे गुडघे गेले तेव्हा, सहा वर्षांपूर्वी, तो त्यांनी रेजीसला कसायला दिला होता. जमीन दिली तरी एमे रोज सकाळी वर एक फेरी मारायचाच. त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. पण ईस्टरपासून काहीतरी बिघडलंय हे युगेतला ठाऊक होतं. पावाची गाडी कधी येते हे तो एका सकाळी चार वेळा विचारायचा. एकदा बूट स्वयंपाकघरातल्या भट्टीत वाळत ठेवले आणि भट्टी पेटवली. युगेत वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या टाकून बसली आणि शेजारणीला सांगितलं, कोंबडी करपली. माणसाचे पाय गेले की गाव काठी आणून देतं. डोकं गेलं की गाव आवाज खाली घेऊन बोलतं. तो खालचा आवाज तिला ऐकायचा नव्हता.

कात्री तिने पिठाच्या डब्यात लपवली. एमेने सगळं घर उलथंपालथं केलं. एका सकाळी पलंगाच्या कडेला बसून तो रडत होता.

"चोरी झाली गं. माझी कात्री गेली."

"कुठली कात्री?" युगेत म्हणाली. एकावन्न वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी कधी खोटं बोललीच नव्हती असं नाही. पण इतकं सहज पहिल्यांदाच.

सप्टेंबरात तोडणी सुरू झाली, त्या सकाळी ती एमेला शेजारणीकडे बसवून, बादली घेऊन रेजीसच्या मळ्यात हजर झाली. मजूर पोरं एकमेकांकडे पाहू लागली.

"काकू, तुम्ही कशाला?"

"चार ओळींचं देणं लागतो आम्ही तुझं."

"मी मागितलं का काही?"

"नाही मागितलंस. म्हणून तर आले."

आठ दिवस तिने वाकून घड तोडले. तिची बादली भरली की रेजीस कुठूनतरी यायचा आणि उचलून न्यायचा. शेवटच्या दिवशी बादली हातात धरूनच तो म्हणाला, "ते बैलाचं… मी बोलायला नको होतं."

"बोललास ते बरंच झालं. तुझा आवाज खालपर्यंत गेला, गावाला कळलं. आता निदान मला कोंबड्या करपवाव्या लागत नाहीत."

कोंबड्यांचं त्याला काही कळलं नाही. पण ती हसली म्हणून तोही हसला.

नोव्हेंबरात तो नव्या वाइनची सुरई घेऊन घरी आला. एमे खिडकीशी बसला होता. त्या आठवड्यात त्याला लियाँ शहरात राहणाऱ्या मुलीचंही नाव आठवलं नव्हतं. रेजीसने पेला हातात दिला. एमेने तो हलवला, नाकाशी नेला, एक घोट तोंडात फिरवला.

"वरच्या तुकड्याची," तो म्हणाला. "तोडणीच्या आधी पाऊस झाला असणार. थोडा."

रेजीस युगेतकडे पाहतच राहिला. पाऊस खरंच झाला होता, दोन दिवस आधी.

"शेजारचे मोरगोंवाले सांगत फिरतात, आमची वाइन दहा वर्षं टिकते," एमे पुढे म्हणाला. "टिकू दे बापडी! आमच्या शिरुब्लला टिकायला सवड कुठाय? ती पहिल्याच घोटाला गळ्यात पडते."

तिघंही हसले. फाटकाशी निरोप घेताना रेजीस म्हणाला, "काकू, सगळं शाबूत आहे की आत! जानेवारीत छाटणीला पाठवा त्यांना. मी असेन बरोबर. त्यांचा हात नाही चुकायचा."

त्याच महिन्यात मुलीने फोनवर सांगितलं, बोझ्यो गावच्या वृद्धाश्रमात बाबांसाठी एक फेब्रुवारीपासून खाट मिळतेय. युगेतने "बरं" म्हटलं. पण रेजीसचं बोलणं तिच्या मनातून जाईना. छाटणी नीट जमली तर मुलीला कळवू, एवढं वर्ष त्याला घरीच राहू दे म्हणून.

जानेवारीतल्या एका सकाळी तिने एमेला दोन स्वेटर चढवले, टोपी घातली आणि पीठ झटकून कात्री त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडमीट करून पाहिली. कुठे होती, विचारलं नाही. वर जमीन दगडासारखी गोठली होती. रेजीस ओळीच्या टोकाला, लोखंडी पिंप अर्धं कापून केलेल्या हातगाडीत छाटलेल्या काड्या जाळत थांबला होता.

"या काका! ही ओळ तुमची."

पहिला वेल एमेने बघता बघता उरकला. दोन डोळे, तिरका काप, पुढचा हात. दुसराही तसाच. तिसऱ्याला तो तोंडातल्या तोंडात काही गुणगुणत होता. रेजीसने लांबूनच अंगठा वर करून दाखवला. मुलीला काय सांगायचं याची वाक्यं युगेत मनात जुळवू लागली.

चौथ्या वेलापाशी एमे थांबला. त्याने एक काडी धरली, सोडली, दुसरी धरली. कात्रीची पाती काडीवर टेकवली आणि तशीच ठेवली. मग हात वर घेऊन तो कात्री उलटसुलट करून पाहू लागला. एखाद्याला रस्त्यात काही सापडावं आणि ते कशाचं हे कळू नये, तसा.

"दोन डोळे, एमे," युगेत जवळ जाऊन हळूच म्हणाली. "दोन डोळे ठेव आणि काप. तूच शिकवलंस मला."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजरेत भीती नव्हती, ओळखही नव्हती. त्याने कात्री मुठीच्या बाजूने तिच्यापुढे धरली. परक्या बाईला द्यावी तशी, अदबीने.

"ही तुमची आहे का, बाई?"

रेजीसने तोंड फिरवलं.

"हो," युगेत म्हणाली. "माझीच."

तिने तो वेल पुरा केला. काप फारसे चांगले आले नाहीत. मग पुढचा घेतला. मागे एमे काय करतोय हे पाहायचा धीर तिला झाला नाही. पाच-सहा वेल झाल्यावर बोटं इतकी बधिर झाली की कात्री मिटेना. तेव्हा मागून त्याचा आवाज आला.

"या ना बाई, इकडे या. जरा शेकून घ्या."

तो हातगाडीपाशी उभा होता. बाजूला सरकून त्याने तिच्यासाठी जागा केली होती. ती जाऊन उभी राहिली. गाडीत काड्या तडतडत होत्या. खाली दरीत धुकं होतं.

"नव्या दिसता इथे," तो म्हणाला.

"हो. यंदाच आले."

"होईल सवय," एमे म्हणाला आणि वाकून आणखी मूठभर काड्या आगीवर टाकल्या, धूर तिच्याकडे जाणार नाही अशा बेताने.