सख्ख्या बहिणी किती

"नऊ," जगीरसिंग म्हणाले आणि त्यांनी ट्रंकेच्या पत्र्यावर हातोडी घातली.

पद्मिनीची पेन्सिल अडली. "नौ बहनें? सब एकही माँ की?"

"माँ तो माँ होती है, भैणजी." पुन्हा हातोडी. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "नौ नहीं, दस लिखो. तुसी वी तां भैणजी हो."

चंदीगडलगतच्या मनीमाजऱ्याच्या त्या गल्लीत सकाळपासून हेच चाललं होतं. पलीकडच्या घरातल्या म्हातारीने चुलत, मावस, मानलेल्या अशा मिळून चौदा बहिणी सांगितल्या होत्या. दूधवाल्याने तर राखी बांधणारी सगळी गल्लीच लिहून घ्यायला सांगितली. पंजाबात माणसाला बहिणी किती, हे विचारायला जाणं म्हणजे लग्नघरात जेवायला किती जण, हे विचारण्यासारखं होतं.

पद्मिनी मूळची मिरजेची. नवरा श्रीराम हवाई दलात, बदलीवर चंदीगडला आलेला. ती इथल्या एका संशोधन संस्थेत पाहणीचं काम करत होती. बाळंतपणात बायका किती जातात, हे शोधायचं होतं. गेलेल्या बाईला विचारता येत नाही, आणि घरीच बाळंत होणाऱ्यांची नोंद दवाखान्यात नसते. म्हणून तिच्या भावंडांना विचारायचं, अशी नवी पद्धत निघाली होती. एकाच आईच्या पोटच्या, लग्नाच्या वयाला पोचलेल्या बहिणी किती? त्यांतल्या हयात किती? गेलेल्यांपैकी किती जणी पोटुशी असताना, बाळंत होताना किंवा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत गेल्या? सहा आठवडे कोणाला कळत नसत. पद्मिनी 'सव्वा महिना' म्हणायची, मग सगळ्यांना कळायचं.

कामाला ती चोख होती, जरा जास्तच. श्रीराम म्हणायचा, हिच्या हातून नवससुद्धा नियमाबाहेर फिटायचा नाही.

तिने जगीरसिंगांच्या नऊ बहिणींची चाळणी केली. सख्ख्या निघाल्या दोन, दोघीही खणखणीत. ती उठायला लागली.

"और राजरानी?" जगीरसिंगांनी विचारलं.

राजरानी शेजारच्या घरातली. जगीरसिंग तान्हे असताना त्यांच्या आईला विषमज्वर झाला, तेव्हा राजरानीच्या आईने दोन्ही मुलांना एकत्र पाजलं. एक शीख, एक हिंदू, पण दूध एकच. राजरानी पुढे लग्न होऊन याच गल्लीत राहिली आणि मुलगी झाल्यावर गेली.

"पर वो जच्चगी में, बच्चा होते वक़्त, नहीं गई," ते म्हणाले. "बुखार से गई."

"सव्वा महीना हुआ था?"

"कहाँ जी. लड़की का नाम भी नहीं रखा था."

"फिर वो बुखार भी जच्चगीमेंही गिनते हैं, भाईसाब."

जगीरसिंगांनी हातोडी खाली ठेवली. इतकी वर्षं ते ज्याला नुसता ताप समजत होते, त्याला आज कोणी नीट नाव दिलं होतं. "अच्छा," ते म्हणाले. "तो लिखो."

आणि पद्मिनीला तेच सांगावं लागलं, जे सांगताना तिला स्वतःचाच राग आला. "नहीं लिख सकती. पेट की चाहिए. दूध की नहीं चलती."

"उसका सगा भाई-बहन कोई नहीं है, भैणजी. मैं नहीं गिनूँगा तो उसे कौन गिनेगा?"

पद्मिनी कागद आवरू लागली. तेवढ्यात समोरच्या दारातून एक तरुण बाई पाण्याची बादली घेऊन कमरेवर हात देत बाहेर आली. दिवस भरत आलेले. जगीरसिंग तिच्यावर ओरडले, धावत जाऊन त्यांनी बादली काढून घेतली. ती सुदेश होती, राजरानीची मुलगी. नवरा ट्रकवर, आठवडा-आठवडा बाहेर. पंजाबातल्या दहशतवादाचे ते दिवस होते; अंधार पडला की गल्ली कड्या लावून बसायची, आणि रात्री वाहन मिळणं म्हणजे देवाची कृपा. सुदेशच्या आईचं झालं तेच हिचं होणार, या भीतीने हा दांडगा माणूस पोखरून गेला होता.

"दर्द शुरू होने की राह मत देखना," पद्मिनीने त्यांना बजावलं. "दिन के उजाले में सेक्टर सोलह के अस्पताल में ले जाओ. और घर आने के बाद बुखार आया, तो उसी वक़्त वापस."

संस्थेत परतल्यावर तिने पाहणीचे प्रमुख डॉ. नरेंद्र करंदीकरांपुढे सगळं मांडलं.

"नाही मोजता येणार," ते म्हणाले. "त्या राजरानीला बहीण म्हणणारी गल्लीत दहा माणसं असतील. दहाही मोजतील. एक बाई दहादा मरेल, पद्मिनीताई."

"दहा जणांनी रडलेलं चालतंय, मग मोजलेलं का चालत नाही, सर?"

डॉक्टर हसले. "रडण्याचा दर काढायचा नाहीये आपल्याला."

ते बरोबर होते आणि पद्मिनीला ते पटलंही होतं. पटूनही तिला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

पुढच्या वेळी ती गल्लीत गेली तेव्हा दुकान बंद होतं आणि दूधवाला हसत होता. सुदेशला मुलगी झाली होती, अस्पतालात, भर दुपारी. दोघी घरी आल्या होत्या. जगीरसिंग मात्र सुदेशच्या दाराबाहेर खाट टाकून बसलेले.

"लड्डू नहीं बाँटे?" तिने विचारलं.

"सव्वा महीना होने दो," ते म्हणाले. "आपने ही तो बताया."

मग त्यांनी खाट हलवली नाही. ट्रंकाही तिथेच ठोकल्या. बाळ झोपलं की हातोडीला चिंध्या गुंडाळायचे. मधे एकदा सुदेशला कणकण वाटली, तर तिचं पांघरूण पुरतं बाजूला व्हायच्या आत त्यांनी ऑटो दारात आणून उभी केली. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दुसऱ्या दिवशी ताप उतरला. सगळ्या गल्लीने त्यांची टर उडवली आणि त्यांनी ती मजेत उडवून घेतली.

सव्वा महिना भरला त्या दिवशी शहरात बंद होता. श्रीरामने पद्मिनीला स्कूटरवरून सोडलं. न्हाऊनमाखून सुदेश उंबऱ्याबाहेर आली, गुबगुबीत, लाल चुनरी घेतलेली, कडेवर तिच्याइतकीच गोबरी पोर. जगीरसिंगांनी पद्मिनीच्या हातावर दोन-दोन लड्डू ठेवले आणि मनात घोळत असलेलं विचारलं.

"भैणजी, ये तो गिनती में आएगी?"

"पक्का. गई हुई औरतें ऊपर लिखते हैं, ज़िंदा पैदा हुए बच्चे नीचे. फिर ऊपरवाले को नीचेवाले से भाग देते हैं. नीचे का आकडा जितना बढ़े, उतना अच्छा."

"ज़िंदा गिनने के लिए रोना ज़रूरी है?"

"साँस भी बहुत है."

"ये तो ऐसी रोई थी कि दूसरी मंज़िल से सिस्टर आ गई." त्यांनी अंगठ्याने बाळाची हनुवटी हलवली. "राजरानी ऊपर नहीं चढ़ी, न सही. उसकी दोहती, बेटी की बेटी, नीचे खड़ी है."

पद्मिनीला इतका आनंद झाला की ती चोख बाई रस्त्यात उभ्या उभ्या दुसरा लड्डूही खाऊन बसली.

बाळाला मनसादेवीच्या पाया घालायचं होतं. बंदमुळे सवारी नव्हती, म्हणून सगळे चालतच निघाले. जगीरसिंगांनी पोर छातीशी धरली आणि मोकळ्या रस्त्याच्या अगदी मधोमध चालू लागले. वळणावर वाळूच्या पोत्यांमागून बंदुकवाला जवान पुढे आला. पगडी, मागून टिकलीवाली सुदेश, हातात तान्हं मूल. त्याने हात आडवा धरला.

"कौन है ये तेरी?"

"मेरी बहन की बेटी," जगीरसिंग म्हणाले. "और ये उसकी बेटी."

कुठल्या आईची बहीण, ते जवानाने विचारलं नाही. त्याने बाळाकडे वाकून पाहिलं, बंदूक खांद्यामागे सरकवली आणि बाजूला होऊन वाट दिली.