डाव्या जाळीचा दाणा

जोडीचं काम एका बैठकीत संपवायचं, हा ताईचा गाड्या रंगवायची शेड उघडल्यापासूनचा नियम. दोन दरवाजे असोत नाहीतर दोन आरसे, एकाच डब्यातला रंग, एकच दम. मधे जेवायलासुद्धा उठायचं नाही. असं असूनही त्या जुन्या मोटारीच्या नाकावरची डावी जाळी मारून झाल्यावर ताईने स्प्रे गन खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "उजवी उद्या मारू. आज हवेत ओल आहे." बाहेर डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं. तिच्या धाकट्या भावाला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण ताईच्या बोलण्यावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

या भावाला सगळे घाशा म्हणत. वय चव्वेचाळीस, दोन मुलींचा बाप, तरी घाशाच. बावीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं : जुना रंग खरवडायचा, गंज घासायचा आणि पत्रा हाताला गुळगुळीत लागेपर्यंत पॉलिश पेपर फिरवत बसायचं. मग ताई यायची, वीस मिनिटं गन चालवायची आणि नाव घेऊन जायची. घाशाला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच वाटे, कारण गन हातात आली की तो घाबरायचा. डिकीची, चाकावरच्या पत्र्याची आतली बाजू, असं कुणाच्या नजरेला न पडणारं काम तेवढं त्याने रंगवलं होतं.

तो "उद्या" काही उजाडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या हातून चहाचा कप निसटला, दुपारी आणखी एक. दवाखान्यात आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हाताचं कापणं कमी होईल पण जाणार नाही, असंही स्पष्ट सांगितलं. ताईने ते नाव रिक्षातच विसरून टाकलं. घरी येऊन ती एवढंच बोलली, "उजवी जाळी तू मारायचीस. महिनाअखेर शेडचा करार संपतोय. तुला जमलं तर तीन वर्षांचा नवा करू. नाही जमलं तर चावी मालकाला देऊन मोकळं होऊ."

म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते एका जाळीवर.

मोटार होती एका निवृत्त दंतवैद्याची. साठ वर्षांपूर्वीची, नाकाशी मधोमध उभा कणा आणि दोन्ही बाजूंना बारा-बारा पट्ट्यांची एकेक जाळी. त्याला नव्यासारखा चकचकाट नको होता. ठोके दिलेल्या भांड्यावर असते तशी खडबडीत, करडी-रुपेरी झळाळी हवी होती. शेडमध्ये तिला दाणा म्हणत. हा दाणा कुणी काढत नाही, तो पडावा लागतो. आधी रंगाचा पातळ हात द्यायचा, तो बोटाला चिकटेल न चिकटेल इतका सुकू द्यायचा, मग हवा कमी करून जाड हात मारायचा. गन जवळ गेली की दाणा मोठा, लांब राहिली की बारीक. सुकता सुकता रंग स्वतःच गोळा होतो, चांदी कडेला सरकते, आणि आपण नुसतं बघत उभं राहायचं.

दंतवैद्याने डावी जाळी पाहिली होती. दाढा बघायचा छोटा आरसा त्याच्या खिशात अजून असायचा. तो पट्ट्यांच्या मागे घालून त्याने अर्धा तास तपासणी केली. शेवटी म्हणाला, "असं काम मी कुठे बघितलं नाही. हा दाणा जिवंत वाटतो. दुसरी हुबेहूब अशीच हवी. फरक दिसला तर मी दोन्ही दुसरीकडे नेईन." रविवारी येतो असं सांगून तो गेला.

घाशा सोमवारपासून नमुने मारायला बसला. जाळी जितकी तिरकी तितकेच तिरके पत्रे टांगायचे, एकेक रंगवायचा, मागे पेन्सिलीने नंबर टाकायचा. ताई रंगाच्या खोलीच्या काचेपलीकडे खुर्ची टाकून बसे आणि हात शालीखाली ठेवी. पहिला पत्रा ओघळला. दुसऱ्यावर दाणा पडलाच नाही. पाचव्यापर्यंत घाशाची भीती विरघळली, कारण घाबरायला त्याला सवड उरली नव्हती. नववा पत्रा सुकल्यावर तो स्वतःच चकित झाला. एकसारखा, टपोरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे खोट नाही.

पण डाव्या जाळीशेजारी धरला की तो पत्रा अगदी मुका वाटे. ताईच्या जाळीवर दाणा बारीक बारीक होत जाई, मग एकदम मोठा होई, पुन्हा बारीक, पुन्हा मोठा.

"ताई, तू गन मागेपुढे करत होतीस का?" त्याने विचारलं.

"तू मारत राहा," ती म्हणाली.

काहीतरी खुबी आहे आणि ताई ती सांगत नाही, असं घाशा धरून चालला. तो थोडा रागावलाही. बावीस वर्षं घासून दिलं आणि एक खुबी सांगवत नाही हिला.

शुक्रवारी दुपारी चहा आला. आता ताई दोन्ही हातांनी पेला धरायची. घाशा समोर बसला होता, बघायचं म्हणून बघत नव्हता. पेला थरथरला, थरथरला, मग मनगट पुढे कललं आणि चहा काठापर्यंत आला. ताईने तो सावरला. पुन्हा थरथर, पुन्हा मनगट पुढे. घाशाने चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन दहावा पत्रा टांगला. मारताना त्याने हात मुद्दाम कापवला आणि ठरावीक अंतराने मनगट पुढे पडू दिलं.

दाणा पडायला लागला. बारीक, बारीक, मोठा. बारीक, बारीक, मोठा. घाशाला इतका आनंद झाला की तो मोठ्याने हसला. आणि मग आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं, तशी त्याने गन खाली ठेवली. डावी जाळी मारली तेव्हाच, कप निसटायच्या आदल्या दिवशी, ताईचा हात गेलेलाच होता. दंतवैद्य ज्याला जिवंत म्हणत होता तो तिचा आजार होता.

त्याने पत्रा भिंतीकडे तोंड करून ठेवला. उद्या उजवी जाळी अशीच मारली की झालं. शेड वाचेल, कुणाला पत्ता लागणार नाही. फक्त काचेपलीकडे ती बसलेली असेल, आणि तिच्यासमोर उभं राहून तिच्याच हाताची नक्कल करावी लागेल.

"ताई, उद्या तू येऊ नकोस," तो बाहेर येऊन म्हणाला. "वासाने तुला त्रास होतो."

"तीस वर्षांत झाला नाही तो उद्या होणार आहे?" ती उठली. "दहा नंबर दाखव."

"बिघडला तो."

आत जाऊन ताईने पत्रा स्वतःच फिरवला आणि डाव्या जाळीशेजारी धरला. घाशाला तोंड कुठे लपवावं कळेना.

"जुळला," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"चौथ्या पट्टीलाच कळलं. बारा पुऱ्या केल्या कशाबशा. म्हणून तर थांबले."

"मग सांगितलं का नाहीस? पाच दिवस झाले मी..."

"काय सांगू? माझा हात गेला तशी गन मार, म्हणून?" तिने पत्रा खाली ठेवला. "त्यांना आवडलं. त्यांना दात कळतात, रंग नाही कळत. पण तू अशी जाळी दिलीस की पुढचं गिऱ्हाईक अशीच मागणार. जन्मभर हात कापवत बसणार आहेस का? धडधाकट असून?"

घाशाची नजर नवव्या पत्र्यावर गेली.

"नऊ नंबर चांगलाय," ताई म्हणाली. "दोन्ही जाळ्या तशा मार. माझी काढून टाक."

"मी नाही काढणार."

"बावीस वर्षं दुसरं काय केलंस?"

"तुझं मारलेलं कधी काढलं नाही," घाशा म्हणाला.

मग ताईने रिमूव्हरचा डबा त्यालाच उघडायला लावला, रबरी मोजे चढवले आणि ब्रश हातात घेतला. रिमूव्हर लावायला हात स्थिर लागत नाही. कुठेही पडला तरी तो आपलं काम करतो. बारा पट्ट्या तिने एकेक करून भिजवल्या, ब्रश थरथरत होता, थेंब टेबलावर उडत होते, ती थांबली नाही. थोड्या वेळाने रंगाला सुरकुत्या आल्या आणि तो पत्र्यापासून सुटला. "आता घे," ती म्हणाली. घाशाने रंग काढायची पत्री घेतली आणि ताईचं शेवटचं काम खरवडून काढलं. तो रडत होता आणि मास्क असल्यामुळे ते फारसं दिसत नव्हतं.

शनिवारी त्याने दोन्ही जाळ्या एका बैठकीत मारल्या. काचेपलीकडची खुर्ची भरलेली होती.

रविवारी दंतवैद्य आला. आरसा काढला, डावी बघितली, उजवी बघितली, पुन्हा डावी बघितली. "ही ती नाही," तो म्हणाला. "आधीची वेगळी होती."

"आधीची माझी होती," ताई म्हणाली. "ती आता मिळणार नाही. या दोन्ही याच्या आहेत. चालत असतील तर घ्या."

तिने हात शालीखाली घेतला नव्हता. दंतवैद्याने तो पाहिला. चाळीस वर्षं लोकांच्या तोंडात हत्यारं घातलेला माणूस होता तो, हातातलं त्याला कळत असणार. त्याने आरसा पुसून खिशात टाकला आणि घाशाला विचारलं, "पुढच्या बंपरलाही असाच दाणा द्याल का?"

"देऊ," घाशा म्हणाला.

गाडी गेल्यावर ताईने कपाटातून नव्या कराराचे कागद काढले आणि त्याच्यापुढे सरकवले. घाशाने कागद वाचले. सगळीकडे तिचंच नाव होतं, यापूर्वी होतं तसंच.

"यावर तुझी सही लागेल," तो म्हणाला.

"नाव खोडून तुझं घाल," ताई म्हणाली. "बँकेतून चेक परत आलाय. माझी सही माझ्या सहीशी जुळत नाही म्हणे."