पाठीवर पट्टी असलेला फोन

मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो, पण मी कुणाचाच नाही. माझ्यात कुणाचे फोटो नाहीत, कुणाच्या आईचा नंबर नाही. वेबसाइट बनवणाऱ्या एका ऑफिसच्या खणात माझ्यासारखे बरेच फोन राहतात. आमचं काम एकच, परीक्षा देणं.

वेबसाइट कशी लिहायची याचे जगभर नियम ठरलेले असतात आणि त्यांत सतत भर पडते. ते नियम आमच्या ब्राउझरना कळतात का, हे तपासणारी ताई बघते. पान उघडायचं, सरकवायचं, बंद करायचं. जरा कुठे रमावं, तर लगेच दुसरं पान! जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

नवा होतो तेव्हा माझं कोण कौतुक! पाहुण्यांना मलाच दाखवायचे. मग नवे फोन आले आणि माझ्या पाठीवर पट्टी चिकटली, 'अपडेट करू नये'. रोज अपडेटची सूचना येते, मला आशा लागते आणि ताई ती बाजूला सारते. मी आतल्या आत चरफडतो. बाकीचे सगळे शहाणे झाले, मलाच तेवढं अडाणी ठेवायचं?

एकदा एका दवाखान्याची वेबसाइट आली. घरबसल्या डॉक्टरांची वेळ घेता येणार होती. सगळ्या फोनवर पान छान उघडलं. माझ्यावर मात्र 'वेळ घ्या' हे बटणच गायब! पानाची मांडणी नव्या नियमानं केलेली, ती माझ्या डोक्यावरून गेली.

ऑफिसच्या साहेबांना त्याच दिवशी दवाखान्याला काम पूर्ण करून द्यायचं होतं. ते वैतागले.

"अगं, या म्हाताऱ्याला अपडेट करून टाक की एकदाचं!"

"याच्यावर दिसेल, सर. लोकांच्या हातातल्या जुन्या फोनांचं काय?"

"असे लोक असतात तरी किती?"

"एक असला तरी तो आजारीच असणार ना? दवाखान्याचं पान आहे."

साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला चार्जिंगला लावलं. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पण माझी बॅटरी म्हणजे फुटकी घागर, आणि ती पुरेशी भरल्याशिवाय अपडेट सुरूच होत नाही. साहेब बोलत बोलत बाहेर गेले आणि ताईनं वायर काढली. असा राग आला मला तिचा!

ती मला समोर ठेवून बसली आणि मला कळतील अशा जुन्या नियमांत मांडणी पुन्हा लिहू लागली. बटण कधी अर्धंच दिसे, कधी पळून जाई. दर वेळी ती मलाच विचारी, "आता?" शेवटी बटण जागेवर आलं. साहेबांनी ते स्वतः दाबून पाहिलं. "बरं, पाठव," एवढंच म्हणाले.

काही दिवसांनी दवाखान्यातून फोन आला. ताई खण उघडून मला म्हणाली, "एका आजोबांनी एकट्यानं वेळ घेतली म्हणे. काउंटरवर फोन मिरवून दाखवला. अगदी तुझ्यासारखाच आहे रे."

माझी चुळबुळ काही संपलेली नाही. आजही सूचना आली की जीव खालीवर होतो. पण मित्रांनो, तुम्ही नवीन काही बनवाल, तेव्हा ते घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर एकदा उघडून बघा. बटण दिसलं नाही, तर फोनला नावं ठेवू नका. कुठेतरी कुणीतरी चष्मा पुसून पुसून ते शोधत असतं.