पाच डॉलरची फेरी

रविवारचं चर्च सुटलं की युझेला गॅडिसकडे जेवायला जायचं, हा व्हरलीन टिब्जचा सात वर्षांचा शिरस्ता. पण त्या रविवारी तिचं ताट तसंच पडून होतं. तळलेली कोंबडी होती, मक्याची भाकरी होती, आणि समोर युझेलाचा नवरा ओथा तीन दिवसांपासून जे सांगत सुटला होता तेच पुन्हा सांगत होता.

"पिवळ्या विटांचं घर! कोपऱ्यावरून तिसरं. पुढे पायऱ्या, मागे चेरीचं झाड. उद्या दहा वाजता हॅस्केलच्या ऑफिसात सही केली की झालं. अगं खा की, व्हरलीन! तोंड का एरंडेल प्यायल्यासारखं?"

कोपऱ्यावरून तिसरं. व्हरलीनने काटा खाली ठेवला. ते घर तिला चांगलं ठाऊक होतं. ते रिकामं करायला तिनेच हातभार लावला होता, आता खोटं कशाला बोला!

वसंतात हा हॅस्केल तिच्या कामाच्या लाँड्रीत आला होता. जागांचा दलाल, गोरा, बोलायला लोण्यासारखा. काम काय, तर शनिवारी दुपारी आपल्या तान्ह्या पोरीला बाबागाडीत घालून तो सांगेल त्या रस्त्यावर फेऱ्या मारायच्या. बाबागाडीसुद्धा त्याचीच. दुपारचे पाच डॉलर. व्हरलीनला वाटलं, माणूस येडा दिसतो, पण पैसे तर शहाण्याचे आहेत.

दुसऱ्याच शनिवारी डोक्यात प्रकाश पडला. रस्ता सगळा गोऱ्यांचा. ती पुढे गेली की मागून हॅस्केल दारोदार घंटी वाजवायचा. "पाहिलंत ना? काळे यायला लागले. आज विकाल तर काहीतरी हाती लागेल. पुढच्या महिन्यात कुत्रं विचारणार नाही." म्हणजे तिची पोर बागुलबुवा आणि ती बागुलबुवाची आई! शिकागोत आल्यापासून तिने अपमान पुष्कळ गिळले होते, पण अपमानाची मजुरी घेतली ती पहिल्यांदाच. आणि कळल्यावर थांबली का? छे. नऊ शनिवार चालली. भाडं होतं, दूध होतं, नवऱ्याचं काम सुटलं होतं. कारणं काय, मागाल तितकी मिळतात.

पिवळ्या विटांच्या घरात एक म्हातारी होती. सगळा रस्ता पडदे ओढून घ्यायचा, ही एकटी पायऱ्या उतरून आली, वाकून पोरीच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाली, "आईवर गेलीय हो." चौथ्या शनिवारी तिच्याही दारावर विक्रीची पाटी लागली. नोट हातावर ठेवताना हॅस्केल हसत होता. "नऊ हजारांत सुटली म्हातारी. पळता भुई थोडी झाली तिला." व्हरलीनने नोट घेतली आणि 'थँक्यू' म्हणाली. त्या 'थँक्यू'ची लाज तिला अजून जाळत होती.

आणि आता तेच घर युझेला घेणार. युझेला म्हणजे कोण? मिसिसिपीहून आलेली व्हरलीन स्टेशनावर रडत बसली होती, तेव्हा तिला हाताला धरून घरी आणणारी. पोर झाली ती हिच्याच हातांत.

जेवणं झाली. ओथा पोरांना घेऊन बाहेर गेला. दोघी भांड्यांना लागल्या.

"ताई," व्हरलीन म्हणाली, "उद्या सही करू नका."

"का गं बाई? पोटात दुखायला लागलं का?" युझेला हसली. "तुझंही होईल घर. जरा कळ काढ."

"तसं नाही गं. कितीला देतोय तो?"

"साडेअठरा हजार."

"त्याने नऊला घेतलंय. याच वसंतात."

युझेलाचा हात थांबला. "तुला कोणी सांगितलं?"

लाँड्रीत ऐकलं, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण युझेला सरळ तिच्याकडे बघत होती आणि त्या नजरेपुढे व्हरलीनला सगळं ओकावं लागलं. बाबागाडी, शनिवार, म्हातारी, पाच डॉलर. सांगताना ती रडली. युझेला रडली नाही. तीच एक ताटली पुसत राहिली.

"पोरीला घेऊन?" तिने विचारलं.

"हो."

"माझ्या हातांत जन्मलेली ती पोर. तिला दाखवून लोकांना पळवलंस?"

"चुकलं, ताई. मला मार हवं तर. पण सही करू नका. एक हप्ता चुकला तरी तो बाहेर काढील. भरलेलं सगळं बुडेल."

"माहीत आहे मला! कराराचं घर म्हणजे काय ते अख्ख्या वस्तीला माहीत आहे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर त्याचं, आणि छत गळलं तर दुरुस्ती तेवढी आपली." युझेलाने ताटली आपटली. "मग करू काय? ओथा पोलादाच्या कारखान्यात अठरा वर्षं राबतोय. त्याच्या शेजारच्या मशीनवरच्या गोऱ्याला बँकेने चहा पाजून कर्ज दिलं. त्याच बँकेने ओथाला खुर्चीसुद्धा दिली नाही. दोन बँका झाल्या. इथे चार बिऱ्हाडांत एक संडास, आणि धाकट्याला झोपेत उंदीर चावला. हॅस्केल चोर आहे हे मला कळत नव्हतं असं वाटलं तुला? किती मोठा चोर, एवढंच माहीत नव्हतं. ते तू सांगितलंस. फार उपकार झाले."

"ताई..."

"सकाळपर्यंत मी आनंदात होते गं. तुझं मन मोकळं झालं, तू आज झोपशील. मी त्या घरात रोज चूल पेटवणार आणि रोज मला तू दिसणार." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "ओथाला एक अक्षर सांगायचं नाही. दुप्पट किंमत कळली तर तो मानी माणूस सही करणार नाही. आणि मला इथे मरायचं नाही. शपथ घे."

व्हरलीनने शपथ घेतली. खरं सांगायचं तर त्या शपथेचा तिला आडोसाच झाला. ओथाला तोंड दाखवायची वेळ टळली, म्हणून मनात कुठेतरी हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल तिला स्वतःची शिसारी आली.

पण ओथा कसला सोडतोय! सोमवारी सकाळी दारात हजर. "साक्षीदार लागतो म्हणे. आमच्यात अक्षर तुझंच बरं. चल."

नाही म्हणायला तिला कारण सापडेना.

ऑफिसात ओथा लग्नाचा सूट घालून बसला होता. युझेला मांडीवर हात ठेवून, मान खाली. हॅस्केल कागद घेऊन आला आणि व्हरलीनला बघून थबकला, मग तोंडभर हसला.

"अरे, व्हरलीन! तू इकडे कुठे?"

ओथाने चमकून वर पाहिलं. पेन त्याच्या हातात होतं, सही अजून झालेली नव्हती. आता तोंड उघडलं तर सगळं थांबेल, हे व्हरलीनला लख्ख कळत होतं. तिने युझेलाकडे पाहिलं. युझेलाने मान वर केली नाही, नुसती इकडून तिकडे हलवली.

"यांच्याबरोबर आलेय," व्हरलीन म्हणाली. "ताई आहे माझी."

"वा! घरचीच माणसं निघाली की," हॅस्केल म्हणाला, आणि त्याने बोटाने सहीची जागा दाखवली.

ओथाने सावकाश, जीभ दातांत धरून सही केली. तीन ठिकाणी. हॅस्केल शिक्का आणायला आत गेला, तसा तो व्हरलीनच्या कानाशी वाकला. चेहरा नुसता फुलला होता.

"काय गं तू! एवढा साहेब तुला नावाने ओळखतो आणि बोलली नाहीस? आधी एक शब्द टाकला असतास तर शंभर-दोनशे तरी कमी केले असते त्याने आपल्याला."

"सुचलंच नाही, भावजी," व्हरलीन म्हणाली.

"जाऊ दे, जाऊ दे," ओथा म्हणाला आणि पेन तिच्या हातात दिलं. "घे. नीट, मोठ्या अक्षरात लिही."