मावशींची पिन आणि सूर्याचं वादळ

मित्रांनो, मी एक जुना चुंबकमापक आहे. रेशमी धाग्याला टांगलेला बोटभर चुंबक, त्याला चिकटवलेला नखाएवढा आरसा आणि समोर आकड्यांची पट्टी, एवढाच माझा संसार. पृथ्वीच्या चुंबकत्वात जराशी चलबिचल झाली, की आरशावरून पडणारा उजेडाचा ठिपका पट्टीवर सरकतो.

माझ्या खोलीत लोखंडाला बंदी आहे. खिळेसुद्धा पितळेचे. किल्ल्या, घड्याळ, पट्टा बाहेरच्या लाकडी ताटात ठेवल्याशिवाय कुणी आत यायचं नाही. त्यामुळे भलेभले साहेब माझ्यापुढे एका हाताने पँट धरून उभे राहिले आहेत. त्या अवस्थेत रुबाब फारसा टिकत नाही.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. मग आपले आकडे आपणच लिहिणारं नवं यंत्र आलं आणि माझ्यावर कापड पडलं. सफाईवाल्या मावशी तेवढ्या रोज येत. अंबाड्यातली पिन ताटात ठेवून धूळ पुसत आणि विचारत, "काय म्हातारबा, बरे आहात ना?"

एकदा ते नवं यंत्र दुरुस्तीला गेलं आणि माझ्यावरचं कापड निघालं. त्याच आठवड्यात, भर दुपारी, माझा ठिपका पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागला. मावशी नुकत्याच बाहेर पडल्या होत्या. आमच्या वेधशाळेच्या साहेबांचा पारा चढला.

"मावशी, पिन घालून आत गेलात ना?"

"नाही हो. ताटातच होती."

"मग हा काय भुताटकीने नाचतोय? उद्यापासून येऊ नका!"

साहेबांनी वहीतल्या आकड्यांवर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'सफाईची चूक'. माझा जीव तुटला, पण मला तोंड कुठे आहे?

तेवढ्यात दाराबाहेरचा फोन वाजला. साहेबांची भाची एक छोटा उपग्रह सांभाळते. तिचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"मामा, आमचा उपग्रह खाली घसरतोय! सूर्याचं वादळ आलं असेल, तर वरची विरळ हवा तापून फुगली असणार. ती त्याला मागे ओढतेय. तसं असेल तर त्याची कड हवेकडे फिरवते, म्हणजे ओढ कमी बसेल. पण मग त्याच्या सौरपट्ट्यांवर ऊन कमी पडून वीज कमी मिळते, उगाच नाही फिरवता येत. अशा वादळात पृथ्वीचं चुंबकत्वही हलतं, तुमचा ठिपका काय म्हणतो?"

"त्याचं काय घेऊन बसलीस! मावशींनी घोळ घातलाय. आकडे बाद केलेत."

मावशी अजून दारातच होत्या. त्यांनी हात पुढे केला. "साहेब, पिन ही इथे. मी बाहेर, तुम्ही बाहेर, खोली रिकामी. मग म्हातारबा कुणासाठी नाचतायत?"

साहेबांनी पट्टा काढला आणि पँट सावरत आत धावले. ठिपका पट्टी सोडून भिंतीवर चढला होता. ते तसेच उलट पावली फोनकडे पळाले. "वादळच आहे गं! फिरव, आत्ताच्या आत्ता फिरव!"

उपग्रह बराच खाली आला, पण वाचला. वहीत साहेबांनी 'सफाईची' हा शब्द खोडून 'माझी' असं लिहिलं आणि सही केली. मावशींना "येत जा" म्हणायला मात्र त्यांना संध्याकाळ झाली.

मित्रांनो, आता नवं यंत्र परतलंय आणि मी पुन्हा कापडाखाली आहे. तक्रार नाही. एवढंच मागतो, की अधूनमधून धूळ पुसा. आणि माझा ठिपका कधी सैरावैरा धावला, तर झाडू घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एकदा वर आभाळाकडे बघा.