शेपटीने कूस बदलली

फोटोची काच अजून ओली होती, तेवढ्यात इस्मेनियाने ती दिव्यासमोर धरली. काल धूमकेतूची बारीक शेपटी डावीकडे कललेली होती. आजच्या काचेवर ती उजवीकडे होती.

म्हणजे काच दुर्बिणीत पुन्हा उलटी बसली.

एल्कीच्या डोंगरावरच्या त्या वेधशाळेत, काळोख्या खोलीत, काचेची लेप दिलेली बाजू ओळखायची रीत एकच. कोपरा ओठाला लावायचा; चिकटला की ती बाजू आकाशाकडे. पण तिथल्या कोरड्या हवेने इस्मेनियाचे ओठ फुटलेले. त्यांवर लोणी चोळलं, तर कोरी बाजूही चिकटली आणि मागच्या आठवड्यात एक काच उलटी गेली, सगळं आकाश आरशातल्यासारखं उमटलं. अजून एक वाया गेली तर दुर्बीण दुसऱ्याला देईन, असं प्रमुख डॉन बाल्दोमेरोंनी तेव्हाच बजावलं होतं. आणि धूमकेतू थोड्याच पहाटा दिसणार होता.

लपवावं असं मनात आलं नाही, असं नाही. पण काच सुकताच ती जेवणघरात गेली. डॉन बाल्दोमेरो पावाला अव्होकाडो फासत बसले होते. तिने सांगून टाकलं, काच उलटी बसली, दुर्बीण सोडते.

"आज काय लावलं होतंस पोरी, मध?"

मग हात पुसून ते तिला खालून उजेड येणाऱ्या टेबलाशी घेऊन गेले. उलटी काच पालथी केली की सुलटी होते, निदान मोजमाप तरी वाचेल, म्हणाले. कालच्या काचेवर त्यांनी आजची पालथी ठेवली. बारीक शेपट्या एका बाजूला झुकल्या. तारे मात्र जुळेनात. त्यांनी काच सरकवली, फिरवली. एकही तारा ताऱ्यावर येईना.

इस्मेनियाने काच हळूच सुलटी केली. तारे पटापट जुळले. धूमकेतूची दुसरी, धुळीची रुंद शेपटीही कालच्याच बाजूला. फिरली होती ती फक्त बारीक, वायूची.

डॉन बाल्दोमेरोंनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"काच सरळच होती," ते म्हणाले.

"सूर्याचा वारा," ती म्हणाली. "वायूची शेपटी त्याच्याबरोबरच वाहते. त्याने दिशा बदलली असेल."

"एका रात्रीत?"

तिने होकारार्थी मान हलवली आणि स्टूल ओढून बसली. लाखो कोसांची ती शेपटी रातोरात वळली, आणि तिला वाटलं होतं, आपलाच हात चुकला.

दोन्ही काचा जपून उचलून ठेवत डॉन बाल्दोमेरो म्हणाले, "दुर्बीण सोडते म्हणालीस, ते मला नीट ऐकू आलं नाही. जा, झोप जरा. पहाटे वर दुर्बिणीपाशी तूच जायचंस."