चंदू ऐसपैस

बोलायला म्हणून अमेरिकेहून आणलेलं यंत्र मे महिना अर्धा सरला तरी मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत मुकं बसून होतं, आणि यात आपलंच काहीतरी चुकतंय अशी अनुपमाची खात्री होत चालली होती.

तिचं सगळ्याच बाबतीत तसं व्हायचं. नीलाला नुसती शिंक आली तरी काल रात्री खिडकी कुणी उघडी ठेवली, हे ती आधी आठवायची. नऊ वर्षांच्या नीलाचे हातपाय जन्मापासून तिच्या ताब्यात नव्हते, तोंडून शब्द फुटत नव्हता. डोकं मात्र असं तल्लख की टीव्हीवरच्या मालिकेत खोटं कोण बोलतंय ते तिला सगळ्यांच्या आधी कळायचं. डोळे वर गेले की 'हो', बाजूला वळले की 'नाही'. डाव्या हाताची मूठ तेवढी तिचं ऐकायची, तीही जवळच्या जवळ. या हो-नाहीवर मायलेकींचं आजवर निभावलं होतं.

यंत्र आणलं होतं अनुपमाच्या थोरल्या भावानं, न्यू जर्सीतल्या माणिकनं. तिथल्या एका संस्थेकडून मागून. ब्रीफकेसएवढं चपटं खोकं, वर चौकोनांची जाळी. चौकोनात वाक्य भरून ठेवायचं. मग तो नुसता दाबला की आतून एक घोगरा अमेरिकन पुरुष ते वाक्य म्हणायचा. मराठी त्याला इंग्रजी अक्षरांतून, जीभ वळेल तशी भरवावी लागे. अनुपमा बी.एस्सी. झालेली. दुपारची झोप सोडून, यंत्राची बॅटरी भरायला माणिकनं लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ट्रान्सफॉर्मर उशाशी गुणगुणत असताना, तिनं एकेक वाक्य घोटून घोटून बसवलं. 'मला पाणी हवं आहे.' 'मला दुखतं आहे.' 'मला बाथरूमला जायचं आहे.' 'मी आभारी आहे.' वरच्या ओळीत, आल्यागेल्यासाठी, 'नमस्कार, माझं नाव नीला प्रधान.'

शेजारच्या सुगंधाकाकू ऐकायला आल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या. "अगो बाय, ह्यो सायब मराठी बोलता मां!"

तेव्हापासून यंत्राचं नाव साहेब पडलं. पण नीला साहेबाला हात लावेना. खुर्चीच्या फळीवर ठेवला की ती मान फिरवून खिडकीबाहेर बघत राही.

"दादा, तिला जमत नाहीये का रे?" अनुपमानं एका सकाळी विचारलं.

"जमतंय की. पण 'पाणी हवं' म्हणायला तिला साहेब कशाला? तहान लागायच्या आत तू भांडं घेऊन उभी असतेस."

"मग काय करू? घसा कोरडा पडू देऊ तिचा?"

"चिडू नकोस गं, अनु. पण शनिवारी माझं विमान आहे. वापरात असेल तर राहू दे, नसेल तर परत आणा, असं सांगितलंय संस्थेनं. तिकडे दुसरी पोरं त्याची वाट बघतायत."

अनुपमा पदरानं साहेबावरची धूळ पुसत राहिली. साहेब गेला म्हणजे नीला जन्मभर हो आणि नाही एवढंच बोलणार. तेही कुणी तिला नीट प्रश्न विचारला तर.

संध्याकाळी रोजच्यासारखी तिनं नीलाची खुर्ची खाली उतरवली. सोसायटीच्या आवारात बदामाखाली सुट्टीतली सगळी पोरं जमलेली. खेळ एकच, डबा ऐसपैस. डालड्याचा रिकामा डबा खडूच्या गोलात ठेवायचा. एकानं तो लांब भिरकावायचा, राज्य असलेल्यानं आणून परत गोलात ठेवायचा, तोवर बाकीचे लपणार. मग जो दिसेल त्याचं नाव घेऊन 'अमुक ऐसपैस' म्हणत डबा ठोकायचा, की तो आऊट. त्याआधी कुणी येऊन डबा लाथेनं उडवला की राज्य पुन्हा त्याच्याच बोडक्यावर. चुकीचं नाव घेतलं तरी तेच; मग 'अंडं फुटलं!' असा गलका.

नीला या खेळात लिंबूटिंबू. खेळात आहे म्हणायचं, पण धरायचं नाही. कुणीही तिच्या खुर्चीमागे लपावं, तिच्या चाकाला धरून धापा टाकाव्यात. तिच्यावर राज्य कधी येत नसे. तिला कुणी आऊटसुद्धा करत नसे.

त्या दिवशी वर आल्यावर नीलानं आपण होऊन मूठ उचलली आणि साहेबावर आपटली. आवाज आला नाही.

"रिकामा आहे तो चौकोन, राणी," अनुपमा म्हणाली.

पुन्हा मूठ. पुन्हा त्याच रिकाम्या चौकोनावर.

"भूक लागली? पंखा लावू? पाठ दुखतेय?" डोळे बाजूला, बाजूला, बाजूला.

माणिक पेपर टाकून उठला. "खालचं काही?" डोळे वर. "खेळ?" वर. "कोण, तो उंच चंदू?"

डोळे वर गेले ते खाली येईनात.

"आणि जयवंत? कुंदा? छोटी मीरा? सगळी पलटण?"

नीलाच्या अंगातून हसू असं उसळलं की खुर्ची करकरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिघं कामाला लागली. माणिक म्हणाला, "नावं खालच्या ओळीत घालू, आणि 'ऐसपैस' शेवटच्या चौकोनात. आधी नाव दाबायचं, मग ते."

"चंदूला तू धावताना पाहिलं नाहीस, दादा." अनुपमानं मान हलवली. रोज संध्याकाळी कुणाचा धक्का नीलाच्या खुर्चीला लागेल या धास्तीनं तिनं त्या पोरांचं पाऊलन्‌ पाऊल पाहिलेलं. "नीलाची मूठ दुसऱ्यांदा उठेपर्यंत तो डबा उडवून, घरी जाऊन, सरबत पिऊन येईल. नाव आणि ऐसपैस एकाच दाबात पाहिजे."

"झकास! शिकवणी तूच घे माझी."

पण नावं ठेवायची कुठे? मुठीच्या अगदी जवळचे, पटकन सापडणारे चौकोन खालच्या डाव्या कोपऱ्यात होते, आणि तिथे अनुपमानं विचार करकरून 'दुखतं आहे' आणि 'बाथरूम' बसवलेलं. तिनं वरच्या ओळीकडे बोट केलं. "इथे चालेल चंदू?"

डोळे बाजूला.

"अगं, पण दुखलं तर? एकदम काही झालं तर?"

नीला आईकडे बघत राहिली. डोळे वर नाहीत, बाजूला नाहीत. नुसती बघत राहिली. जिन्यात खुर्ची उतरवताना अनुपमा चाकाला एक हात सतत धरून ठेवी. तो हात कुणी सोडायला सांगावं तसं तिला झालं. मग तिनं 'दुखतं आहे' आणि 'बाथरूम' पुसून वर नेलं. 'आभारी आहे' तर कायमचंच गेलं.

"चॅन्डू आय्सपाय्स," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाला. नीला इतकी हसली की तिला ठसका लागला. अनुपमा धावली, पाठ चोळली, आणि पाठ चोळता चोळता स्वतःच हसायला लागली.

"जा, चहा टाक," माणिक म्हणाला. "आमचं मामाभाचीचं एक काम राहिलंय."

"कसलं?"

"तुला काय करायचंय? जा ना."

संध्याकाळी साहेबाला घेऊन खुर्ची खाली उतरली तशी पोरं गोळा झाली. माणिकनं चंदूला, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशला, बाजूला घेऊन सांगितलं, "आज नीला राज्य घेणार."

"ती डबा कसा आणणार?" कुंदा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि मशीनचं आऊट आपण धरणार नाही हां. तोंडानं म्हणायला पाहिजे."

"ए, तुझ्या तोंडापेक्षा मशीन बरं," जयवंत म्हणाला.

अनुपमाच्या ओठांवर 'राहू दे रे, उद्या बघू' आलं होतं. पण चंदू न्यायाधीशासारखा विचार करत होता. "मीरा तिचा भिडू. मीरानं डबा आणायचा, खुर्ची फिरवायची आणि ठोकायचा. ओळखायचं आणि नाव घ्यायचं नीलानं. मीरा ओरडली तर राज्य परत." मग तो नीलाकडे वळला. "पण लिंबूटिंबू नाय हां आजपासून. चुकलीस तर अंडं. सूट नाय. चालेल?"

नीलाचे डोळे असे वर गेले की नुसतं पांढरं दिसलं.

डबा भिरकावला गेला, कचराकुंडीपलीकडे. मीरा तुरुतुरु धावली. पोरं पांगली.

पहिली सापडली कुंदाच. टाकीमागून डोकावून बघायची तिची सवय. "कुंडा आय्सपाय्स!" साहेब गरजला आणि मीरानं डबा ठोकला. कुंदा बाहेर आली ती फणकारत, "नाव तरी नीट घ्यायला सांगा त्याला!" पण आऊट म्हणजे आऊट, येऊन कट्ट्यावर बसली. एकेक करत बाकीचेही सापडले. उरले चंदू आणि जयवंत.

कट्ट्यावर बसलेल्या अनुपमाला मग ते दिसलं. सेक्रेटरींच्या उभ्या फियाटच्या मागून लाल बाही डोकावत होती. चंदूचा लाल शर्ट, आवारात तसा दुसरा नव्हता. नीलाची मूठ उठली, चंदूच्या चौकोनावर आली आणि तिथे थांबली.

'दाब ना गं,' अनुपमा मनात ओरडली. 'तो बघ, लाल!' ती अर्धी उठलीसुद्धा. माणिकनं तिचा हात धरला नाही. तिची तीच पुन्हा खाली बसली आणि साडीचा काठ मुठीत आवळून धरला.

नीलाची मूठ चंदूवरून सरकली. चुकली, अनुपमाला वाटलं. हात घसरला, आता पोरं हसतील.

"जेव्हंट आय्सपाय्स!"

मीरानं डबा ठोकला. मग फियाटमागून, चंदूचा लाल शर्ट घालून, तोंड वाकडं करत जयवंत बाहेर आला.

"आयला! कसं ओळखलं?"

कसं ते अनुपमाला आता दिसलं. गाडीखालून त्याचे पाय दिसत होते, आणि तो एका पायानं दुसऱ्याची पोटरी खाजवत होता. उभा राहिला की नेहमी तसंच करायचा. शर्ट बदलता येतो. नीला मात्र तीन उन्हाळे बदामाखाली बसून सगळ्यांचे पाय, कोपर, चाली पाठ करत होती, आणि त्यांतलं काहीच तिला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्याच्या तोंडातून जयवंतच्या निळ्या शर्टात चंदू सुटला. थेट डब्याकडे. मीरा किंचाळायचीच बाकी राहिली. चंदू येतोय, आला, लाथेसाठी पाय उचलला—

"चॅन्डू आय्सपाय्स!"

ठण्‌! मीराचा डबा आधी वाजला, चंदूची लाथ मग बसली. डबा उडून बदामाच्या खोडावर आपटला आणि सगळी पोरं एकदम ओरडली. "आऊट! चंदू आऊट! एका दमात सगळे आऊट, यार!"

"वाट लागली," चंदू गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत म्हणाला. मग खुर्चीशी येऊन त्यानं नीलाच्या मुठीवर टपली मारली. "ए साहेब! पुढचं राज्य कुंदावर. तू लपायचंस. तुलापण शोधणार, सांगून ठेवतो."

कुंदा आधीच डबा गोलात ठेवत होती. "आणि सूट नाय," ती म्हणाली.

अनुपमाचे डोळे भरून आले होते, पण पुसायला वेळ नव्हता. मीरा आणि जयवंत खुर्ची ढकलत पंपाच्या खोलीमागे निघाले होते आणि तिथे फरशी उखडलेली होती. "हळू रे! त्या कडेला खड्डा आहे—" ती म्हणाली आणि थांबली. चाक खड्ड्यात गचकलं, वर आलं, गेलं. खोलीमागून जयवंतचं "शूऽऽ" आणि नीलाचं दाबायला न येणारं हसू ऐकू आलं.

"मग शनिवारी," ती माणिककडे न बघता म्हणाली, "तुझ्या सामानात साहेबाला जागा..."

"कुठला साहेब?" माणिक म्हणाला. "मी तर मसाले आणि पापड नेतोय."

दिवे लागले. एकेका गॅलरीतून हाका यायला लागल्या. अनुपमालाही पोळ्यांचं पीठ भिजवायचं होतं, नीलाला डास चावत असतील, दमलीही असेल. ती वर गेली, गॅलरीत आली आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बाकीच्या आयांसारखी, कठड्यावरून ओरडली, "नीला! पुरे आता. चल वर!"

खाली पंपाच्या खोलीमागून, जिथे काल 'आभारी आहे' होतं त्या चौकोनातून, घोगरा अमेरिकन आवाज सगळ्या आवारभर घुमला.

"आई, पाच मिनिटं!"

"ऐकलं! नीला पंपामागे! नीला ऐसपैस!" कुंदा डबा ठोकत नाचायला लागली. "आऊट! नीला आऊट!"

अनुपमा कठडा धरून उभी राहिली. पलीकडच्या गॅलरीतून सुगंधाकाकूंनी विचारलं, "काय गो, झाला काय?"

"काही नाही हो," अनुपमा म्हणाली. "कार्टी ऐकत नाहीये."

आणि पीठ भिजवायला आत न जाता ती तिथेच उभी राहिली, तिची पाच मिनिटं होईपर्यंत.